सोलापुरात बिऱ्हाड थाटणाऱ्यांस पाण्याविषयी दोन शब्द

बदली होऊन सोलापुरात आला असाल आणि भाड्याचे घर पाहायला निघाला असाल, तर खोल्या किती, वारा कुठून येतो, बाजार किती लांब, हे किरकोळ प्रश्न शेवटासाठी राखून ठेवावेत. आधी हौद किती लिटरचा आहे हे विचारावे आणि लगेच नळ किती खोल आहे हे पाहावे. इथे नळ भिंतीवर असतो असा आपला समज असेल, तर तो गावाकडेच ठेवून यावा. उंबऱ्यालगत दोन-अडीच फुटांचा खड्डा, त्यावर गंजके लोखंडी झाकण आणि तळाशी आडवा झोपलेला अर्धा इंची पाइप, असे त्याचे खरे रूप असते. पाणी आपल्या पातळीपर्यंत चढत नसेल तर आपण पाण्याच्या पातळीपर्यंत उतरावे, एवढी नम्रता या शहराने अंगी बाणवलेली आहे. खड्डा जितका खोल, तितके घराचे भाडे रास्त समजावे.

दुसरे असे की, 'टंचाई' हा शब्द चारचौघांत उच्चारू नये. ज्या जिल्ह्यात ११७ टीएमसीचे (म्हणजे तितक्या अब्ज घनफुटांचे) उजनी धरण १९८० सालापासून उभे आहे, तिथे पाणी कमी आहे असे म्हणणे अडाणीपणाचे ठरते. पाणी भरपूर आहे, ते फक्त आपल्याकडे नाही, हा फरक समजून घ्यावा. शिवाय उजनीमुळे इथल्या मुलांचे गणित पक्के होते. धरणातील निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे ६३ टीएमसी पाणी मृतसाठ्यात, म्हणजे टक्केवारीत न धरल्या जाणाऱ्या तळाच्या साठ्यात मोडते, त्यामुळे धरण शून्य टक्क्यांवर आले तरी ते निम्मे भरलेलेच असते आणि पुढे ते उणे दहा, उणे तीस असे खाली जात राहते. ऋण संख्या शिकवायला इतर गावांत शिक्षकाला फळ्यावर रेघ ओढावी लागते, इथे उन्हाळ्यातले वर्तमानपत्र पुरते.

या पाण्याच्या दर्जाविषयीही शंका घेऊ नये, कारण ते वापरून पाहिलेले पाणी आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवड ही दोन मोठी शहरे ते आधी पितात, त्यात अंघोळ करतात, भांडी घासतात आणि मग मुळा-मुठेतून व भीमेतून उजनीच्या हवाली करतात. वरच्या घरी गेलेले ताट खाली येईपर्यंत थोडेफार उष्टे व्हायचेच, त्याचा बाऊ करू नये. उजनीतून ते दोन वाटांनी आपल्याकडे निघते. एक वाट सुमारे शंभर किलोमीटरच्या जलवाहिनीची, जी पाकणीच्या शुद्धीकरण केंद्राकडे येते, आणि दुसरी नदीच्या पात्राची. पात्रातून सोडलेले पाणी पंढरपुरावरून, चंद्रभागेचे नाव धारण करून, वाटेत दोन्ही काठांवरच्या मोटारींना आणि वैशाखाच्या उन्हाला त्यांचा वाटा देत टाकळीजवळच्या बंधाऱ्यात येते. सोलापूरकराला तीर्थ घरबसल्या मिळते. ते नियमित मिळत नाही, एवढेच काय ते, पण तीर्थ पळीनेच घ्यायचे असते.

आता नळाच्या दिवसाविषयी, कारण इथला सगळा संसार त्या दिवसाभोवती फिरतो. पाणी चौथ्या, कधी पाचव्या दिवशी सुटते आणि जलवाहिनी फुटली, वीज गेली किंवा दुरुस्ती निघाली की आणखी एक दिवस पुढे जाते. घड्याळ मात्र पाहू नये. वेळ पहाटे तीनची असू शकते, दुपारी दीडचीही असू शकते आणि ती फक्त गल्लीचा व्हॉल्व्ह उघडणाऱ्या चावीवाल्याला ठाऊक असते. कलेक्टर, आमदार यांच्याशी ओळख नसली तरी चालेल, चावीवाल्याशी मात्र असावी. दिवाळीला त्याच्या हातावर काहीतरी ठेवायला विसरू नये. पाणी येण्याआधी खड्ड्यातून हवेचा एक लांब सुस्कारा ऐकू येतो, त्यानंतर दोन उचक्या लागतात आणि मग गढूळ, तांबूस धार येते. एवढ्यात गल्लीच्या टोकाकडून "ओ वैनी, नळ आलं बघा!" अशी हाक येते आणि अर्ध्या मिनिटात पंधरा घरांच्या पंधरा मोटारी एका सुरात घरघरू लागतात. नळाला थेट मोटार लावणे नियमात बसत नाही, हे सर्वांना माहीत आहे. म्हणूनच ती आवाज न करणारी घ्यावी.

पहिली घागरभर धार अंगणात ओतून द्यावी, हा सल्ला तेवढा मी मनापासून देतो. चार दिवस रिकाम्या पडलेल्या नळयोजनेत पोकळी तयार होते, ढिल्या सांध्यांतून आजूबाजूचे पाणी आत ओढले जाते, आणि आपल्याकडे पाण्याची व ड्रेनेजची लाइन शेजारधर्माने एकाच चरात नांदत असल्यामुळे आजूबाजूचे पाणी म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. त्यात मोटारींची ओढ. भारतीय मानकाप्रमाणे नळाच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक असायला हवा. आमच्या शेजारच्या काकूंकडे तो मोजायचे उपकरण नाही, पण त्या ओंजळभर पाणी नाकाशी नेतात आणि निकाल सांगतात, "दवाखान्याचं वास येतंय, म्हंजे भरून घ्या." वास आला नाही तर त्या तांब्याच्या घागरीत तुरटीचा खडा सात वेळा फिरवतात आणि पिण्यासाठी वीस लिटरचा जार मागवतात.

साठवणुकीचा हिशेब सोपा आहे. शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी मिळावे असे सरकारी निकष सांगतात. म्हणजे पाच माणसांच्या घराला पाच दिवसांसाठी ३,३७५ लिटर लागतात. तेव्हा एक जमिनीतला हौद, एक गच्चीवरची टाकी, दोन निळी बॅरले आणि पाहुणे येणार असतील तर बाळाचा टबही हाताशी असू द्यावा. मग आरोग्य खात्याची ताई येऊन टॉर्चने बॅरलात अळ्या शोधील आणि डेंगीच्या डासांसाठी आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, भांडी पालथी घाला, असे सांगेल. तिला उलट बोलू नये. आपण आठवड्यातले पाच कोरडे दिवस आधीच पाळतो, हे ती बिचारीही जाणते, तिच्याही घरी बॅरल आहे.

एव्हाना आपल्या ध्यानात आले असेल की हौद बांधला म्हणजे आपण साठवण जलाशय झालात, मोटार लावली म्हणजे उपसा केंद्र झालात आणि तुरटी फिरवली म्हणजे जलशुद्धीकरण केंद्र झालात. पाणी पुरवणे आणि सांडपाणी वाहून नेणे ही महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ नुसार बंधनकारक कर्तव्ये आहेत आणि ती आपण आता चोख बजावू लागला आहात. जानेवारी २०१६ मध्ये देशातल्या पहिल्या वीस स्मार्ट शहरांत सोलापूरची निवड झाली, ती बहुधा नागरिकांकडे पाहूनच झाली असावी. (बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांना बरोबर घेऊन तलाव खणला आणि १८७१ साली इंग्रजांनी एकरुखचा तलाव पुरा केला, पण तेव्हा स्मार्ट म्हणजे काय हे कोणाला माहीत नव्हते.)

सांडपाण्याबद्दल फार लिहीत नाही, ते स्वतःच आपल्या भेटीला येते. पावसाळ्यात कोपऱ्यावरचे चेंबर झाकण उचलून वर आले की तक्रार नोंदवावी, क्रमांक वहीत लिहून ठेवावा आणि दारात तीन विटा टाकाव्यात. विटा आधी टाकल्या तरी चालेल. देगाव, कुमठे, प्रतापनगर इथे सांडपाणी शुद्ध करणारी केंद्रे आहेत, आणि तिथपर्यंत पोहोचलेल्या व न पोहोचलेल्या पाण्याची वाट पुढे सीना नदीकडे जाते. सीना हत्तरसंग कुडल येथे भीमेला मिळते आणि भीमा कर्नाटकात शिरते. आपल्याला वरून जे मिळाले ते आपण खाली पोहोचते केले, मधल्यामध्ये काही ठेवून घेतले नाही.

त्या कुडलच्या संगमावरील देवळात १०१८ सालचा, मराठीतल्या सर्वांत जुन्यांपैकी एक शिलालेख आहे. जो हे वाचेल तो विजयी होईल, अशा अर्थाची ओळ त्यात कोरलेली आहे. मार्चमध्ये पाणीपट्टीचे बिल हाती आले की तेही तितक्याच श्रद्धेने वाचावे. पाणी पाचव्या दिवशी धरले तर वर्षात ७३ वेळा येते आणि पट्टी ३६५ दिवसांची एकरकमी लागते. मी ते तीनदा वाचले आणि भरून टाकले. पावतीवर थुंकीने बोट ओले करून शिक्का मारणाऱ्या कारकुनाने विचारले, "तुमच्याकडं आज नळ आहे का ओ?"