पिवळ्या वेलीबाबतच्या तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार. आमच्या रोपवाटिकेत फोटो दाखवून पिवळ्या फुलांची वेल मागितली, तर आम्ही ‘कुठे लावणार, मागे झाडं आहेत का, ओढा आहे का’ अशी उलटतपासणी केली आणि शेवटी नाहीच म्हटलं, असं तुम्ही लिहिलंय. ‘रोप नव्हतं तर सरळ सांगायचं,’ हेही लिहिलंय. रोप नव्हतं हे खरं, पण संपलं म्हणून नव्हे. ही वेल आम्ही विकायला ठेवतच नाही. ती तुम्हाला नंतर दुसरीकडे ‘पिवळी बिग्नोनिया’ म्हणून मिळाली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या फोटोत कॅट्स क्लॉ आहे, शास्त्रीय नाव डोलिकॅन्ड्रा अंग्विस-कॅटी. जुन्या लेबलांवर मॅकफॅडिएना असतं. नुसत्या फुलावर जाऊ नका, कर्ण्यासारखी पिवळी फुलं अल्लामांडालाही येतात. पान बघा. एका देठावर दोन पर्णिका (छोटी पानं) आणि त्यांच्या मधून निघालेला तीन फाट्यांचा तणावा, म्हणजे वेल आधार पकडते तो बारीक धागा. प्रत्येक फाट्याचं टोक आकडीसारखं वळलेलं. बोट फिरवलं की कातडीला अडकतं. अल्लामांडाला तणावे नसतातच, एकेका पेरावर तीन-चार पानं गोलाकार येतात आणि फांदी मोडली की पांढरा चीक गळतो.

फुललेली ही वेल फार देखणी दिसते, तुमचं मन बसलं यात नवल नाही. पण ती मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली. त्या आकड्यांच्या जोरावर ती मोठाल्या झाडांच्या शेंड्यापर्यंत चढते आणि त्यांना झाकून टाकते. लांब शेंगांतलं पंखवालं बी वाऱ्यावर आणि पाण्यावरून जातं. जमिनीखाली कंद धरतात. वरून कितीही छाटा, कंदातून पुन्हा फुटते. ऑस्ट्रेलियाने 2012 साली तिला राष्ट्रीय पातळीवरच्या घातक तणांत घातलं.

आता ‘कुठे लावणार’ या प्रश्नाबद्दल, कारण तोच तुम्हाला सर्वांत खटकला. आपल्या माधवीच्या वेलीचंच उदाहरण घ्या. ती भारतातली, इथल्या जंगलात तिची जागा आहे. तीच मॉरिशस आणि रेयुनियन बेटांवरच्या जंगलांवर पसरली आणि जगातल्या 100 घातक आक्रमक प्रजातींच्या यादीत गेली. म्हणजे वेल चांगली की वाईट हे जागा कळल्याशिवाय सांगताच येत नाही. हा प्रश्न आम्ही प्रत्येक वेलीबाबत विचारतो आणि यापुढेही विचारणार.

रोप कुठूनही घ्या, पण शास्त्रीय नाव लिहून मागा. नुसत्या ‘पिवळी वेल’ किंवा ‘बिग्नोनिया’ या नावावर घेऊ नका; त्या नावाखाली वेगवेगळ्या वेली विकल्या जातात. जो नाव सांगू शकत नाही त्याच्याकडून वेल तरी घेऊच नये, असं माझं ठाम मत आहे.

तुमचं रोप अजून कुंडीत असेल तर जमिनीत लावू नका. लावलं असेल तर ओढून उपटू नका, वेल तुटते आणि कंद खाली राहतात. माती उकरून कंद अखंड काढा. शेंगा धरल्या असतील तर उकलण्याआधी तोडा. कंद, शेंगा, छाटणी यातलं काहीही ओढ्यात किंवा कंपोस्टमध्ये टाकू नका. तणावा स्पष्ट दिसेल असा पानाचा जवळून फोटो पाठवलात तर ओळख आम्ही पटवून देऊ, आणि ती निघाली दुसरीच, तर ती कशी वाढवायची तेही सांगू.