ठपका देणाऱ्यावर, घेणारे मोकळे

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेतला ओक्स एम्स म्हटलं की ‘शेअर वाटणारा लाचखोर खासदार’ एवढीच ओळख सांगितली जाते. माझ्या मते शेअरवाटप ही शेवटची पायरी होती. खरा घोटाळा त्याआधीच झाला होता.

एम्स मॅसॅच्युसेट्समधल्या ईस्टनचा, घरचा धंदा फावड्यांचा. 1863 मध्ये तो रिपब्लिकन पक्षाकडून प्रतिनिधिगृहात गेला. तेव्हा पश्चिमेकडे लोहमार्ग टाकण्यासाठी युनियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीला सरकार सपाटीवर मैलामागे 16,000, मधल्या टापूत 32,000 आणि डोंगरात 48,000 डॉलरचे रोखे कर्जाऊ देत होतं. वर जमीन वेगळी.

बांधकाम क्रेडिट मोबिलिए या कंपनीकडे, आणि दोन्ही कंपन्यांत बरेचसे भागधारक तेच. दर ठरवणारे तेच, बिल लावणारेही तेच. रेल्वेचे शेअर दर्शनी किमतीला, रोखीनेच विकावेत असा कायदा होता, पण बाजारात त्या भावाला गिऱ्हाईक नव्हतं. मग रेल्वेने कामापोटी मोबिलिएला चेक द्यायचा आणि मोबिलिएने त्याच चेकने रेल्वेचे शेअर पूर्ण किमतीला घ्यायचे. कागदोपत्री कायदा पाळला गेला. बांधकामाचे दर आधीच फुगवलेले, त्यामुळे ते शेअर पुढे पडत्या भावात विकले तरी नफाच. 1867 चं 667 मैलांचं, सुमारे 4 कोटी 70 लाख डॉलरचं कंत्राट तर थेट एम्सच्या नावावर होतं. कायदा करणाराच कंत्राटदार! कुंपणानेच शेत खाल्लं ते इथे.

चौकशी नको म्हणून एम्सने मोबिलिएचे शेअर सहकारी खासदारांना 100 डॉलरच्या मूळ भावात दिले, तेही लाभांश धो धो येत असताना. काहींना खिशात हातही घालावा लागला नाही, किंमत लाभांशातूनच वळती झाली. खासदार जेम्स गारफिल्डच्या नावे 10 शेअर होते, आणि हिशेब वळता करून उरलेले 329 डॉलर त्याला दिले, अशी एम्सची साक्ष होती. गारफिल्डने ती नाकारली, ते पैसे उसने घेतल्याचं सांगितलं.

1872 मध्ये या शेअरवाटपाबद्दलची एम्सची पत्रं न्यूयॉर्कच्या ‘सन’ या वृत्तपत्राने छापली आणि चौकशी समिती बसली. समितीचा निष्कर्ष मला आजही पटत नाही: एम्सने वजन पाडण्यासाठी शेअर दिले, पण घेणाऱ्यांना त्याचा हेतू कळला नव्हता म्हणे. मुरलेल्या राजकारण्यांना हे कळत नव्हतं? फेब्रुवारी 1873 मध्ये सभागृहाने निषेध केला तो फक्त एम्स आणि खासदार जेम्स ब्रुक्स या दोघांचा. मे महिन्यात एम्स वारला.

1880 मध्ये गारफिल्ड राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला, तेव्हा विरोधकांनी भिंतींवर, फुटपाथवर खडूने एकच आकडा लिहिला: 329. तो निवडून आला.