‘पाहणे’ हे क्रियापद चालत नाही

तासिका तत्त्वावर का होईना, चित्रकला महाविद्यालयात लागलात, अभिनंदन. पहिल्याच दिवशी तुम्ही स्टुडिओत जाऊन ईझलचे खिळे तपासलेत आणि मुलांचे जुने कागद एकेक करून उलटून पाहिलेत, असं कानावर आलं. होतं असं, नवं असताना. पण आता जरा इकडे माझ्याजवळ बसा. मूल्यांकन म्हणजे मुलांची चित्रं बघणं, हा गैरसमज जितक्या लवकर जाईल तितकी तुमची ऑर्डर पुढच्या जूनमध्ये निघण्याची शक्यता वाढेल.

सुरुवात कोर्स आउटकमपासून करा. प्रत्येक विषयाला पाच-सहा पुरे. ‘हा विषय शिकल्यावर विद्यार्थी अमुक करू शकेल’ अशा धर्तीचं वाक्य, आणि त्यातलं क्रियापद मोजता येणारं हवं. ‘समजणे’, ‘जाणणे’, ‘आस्वाद घेणे’ ही बाद. कार्यशाळेत आम्हाला दोन दिवस हेच शिकवलं. जेवण चांगलं होतं. मीही तेव्हा तुमच्यासारखाच होतो, हात वर करून विचारलं, ‘पाहणे’ चालेल का? आमचे सर पहिलं वर्षभर दुसरं काही बोलायचेच नाहीत. मागून यायचे, पेन्सिल काढून घ्यायचे आणि म्हणायचे, ‘काढू नकोस, आधी बघ.’ तज्ज्ञांनी हातातली यादी वरपासून खालपर्यंत चाळली आणि सांगितलं, ‘पाहणे’ मोजता येत नाही, ‘ओळखणे’ घ्या. तेव्हापासून आमच्याकडे कोणी काही पाहत नाही. मडकं ओळखतात, छाया-प्रकाशाचं वर्गीकरण करतात.

ही यादी अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ ब्लूमसाहेबांनी १९५६ साली शिकण्याच्या पायऱ्यांचं जे वर्गीकरण केलं, त्यातून आलेली. २००१ साली तिची सुधारित आवृत्ती निघाली, तेव्हा तळाला ‘स्मरण’ राहिलं आणि सगळ्यांत वरच्या पायरीवर ‘निर्मिती’ जाऊन बसली. म्हणजे आपलं पहिल्या वर्षाचं पोर पहिल्याच सोमवारी कोळशाने कागद काळा करून थेट शिखरावर पोचतं. पुढची चार वर्षं त्याला चढवायचं कुठे, हे फाइलमध्ये लिहिताना घाम फुटतो. लिहा काहीतरी.

प्रोग्राम आउटकम, म्हणजे सगळा अभ्यासक्रम संपल्यावर विद्यार्थ्याला काय यायला हवं, ते मात्र स्वतः लिहायच्या भानगडीत पडू नका. शेजारच्या अभियांत्रिकी कॉलेजची फाइल आणा, ‘इंजिनिअर’ शोधा आणि त्या जागी ‘कलाकार’ टाका. आम्ही तेच केलं. ‘इंजिनिअरिंग’चं सगळीकडे ‘कलाकारिंग’ झालं हे तीन वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही, कॉलेजचं मूल्यांकन करायला येणाऱ्या समितीच्याही नाही. उलट एका सदस्यांनी शब्द चांगला आहे म्हणून टिपून घेतला. मग कोर्स आउटकम आणि प्रोग्राम आउटकम यांचा तक्ता करा, चौकोनांत दोन्हींचा संबंध किती घट्ट त्याप्रमाणे ३, २, १ भरा. सगळे ३ भरू नका, संशय येतो. ‘पर्यावरण व शाश्वत विकास’ या रकान्यात आम्ही निसर्गचित्राला २ आणि उरलेला रंग उद्यासाठी झाकून ठेवण्याला ३ दिले आहेत.

प्रवेशाच्या वेळी मुलाची पातळी काय होती, हेही दाखवावं लागतं, नाहीतर वाढ झाली हे कशावरून? त्यासाठी शाळेत दिलेल्या इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेचं प्रमाणपत्र आहेच. ए ग्रेडला दहावीत ७ गुण, बीला ५, सीला ३. एवढा स्वच्छ हिशेब पुढे कलेच्या क्षेत्रात त्याला कधीच भेटणार नाही. या परीक्षेत स्मरणचित्र नावाचा विषय असतो. सरांनी फळ्यावर काढून दिलेला बाजार स्मरणात ठेवायचा आणि परीक्षेत उतरवायचा, असा त्याचा अर्थ बहुतेक शाळांनी लावलेला आहे. त्या बाजारातली सगळी माणसं पाठमोरी असतात, कारण तोंडं अवघड. डोक्यावर टोपली घेतलेली एक बाई तर महाराष्ट्रभर कित्येक वर्षं फिरते आहे, तिचा चेहरा अजून कोणी पाहिलेला नाही. (पाहू नयेच. मोजता येत नाही.)

पहिल्या महिन्यातच मुलांची ‘प्रगत’ आणि ‘मंदगती’ अशी विभागणी करा. सत्रात वीस कामं देणारा प्रगत. तीन दिवस एकाच कागदासमोर बसणारा मंदगती. त्याला उपचारात्मक वर्ग लावा आणि हजेरीवर सही घ्या. चित्रकार वासुदेव गायतोंडे १९४८ साली मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयातून डिप्लोमा घेऊन बाहेर पडले ते बरं झालं. पुढे ते वर्षाला हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढीच चित्रं करत. आमच्याकडे असते तर त्यांचे किती शनिवार उपचारात गेले असते, विचार करा.

आता मुख्य काम, परीक्षण. इथे मात्र तुम्हाला जुन्या खोडांपासून सांभाळावं लागेल. सत्राच्या शेवटी कामं हॉलमध्ये जमिनीवर पसरतात आणि तीन परीक्षक चपला बाहेर काढून मधून फिरतात. पहिल्या फेरीत कोणी बोलत नाही. दुसऱ्या फेरीत एक जण वाकून एखादा कागद थोडा वर सरकवतो. थोड्या वेळाने दुसरा येतो आणि तोच कागद आणखी वर सरकवतो. अर्ध्या तासात चाळीस मुलांची उतरंड लागलेली असते. भांडण होतं ते मधल्या चार-पाच जणांवर, आणि ते भांडण, तुमच्या-आमच्यात सांगतो, ऐकण्यासारखं असतं. ‘याचा हात तयार आहे हो, पण हा हाताच्याच जिवावर खातोय.’ ‘हिचं ड्रॉइंग कच्चं आहे, मान्य. पण त्या गुडघ्यापाशी तिनं किती वेळा पुसलंय बघा. तिला तिथं काहीतरी दिसलंय.’

हे सगळं नियमबाह्य आहे. आपल्याकडे रुब्रिक, म्हणजे गुण वाटायचा तक्ता आहे: रचना १०, रेखांकन १०, रंगलेपन १०, स्वच्छता १०, वेळेत सादरीकरण १०. उपाय असा, की म्हाताऱ्यांना उतरंड लावू द्या, एकूण गुण ठरवू द्या, आणि ते चहाला गेले की एक्सेल उघडून मागून पुढे रकाने भरा. ३४ हवे आहेत? ७, ७, ६, ७, ७. शेवटचा रकाना लवचीक ठेवा. चित्र कसंही असलं तरी एखादा पोरगा वेळेवर आलेलाच असतो. गुडघा पुसणाऱ्या मुलीचे स्वच्छतेत ४ कापावे लागतील, त्याला इलाज नाही.

अटेनमेंटचा, म्हणजे ठरवलेले आउटकम कितपत साधले त्याचा, तीनपैकी आकडा पहिल्या वर्षी २.१ दाखवा. थेट ३ दाखवलात तर सुधारायला जागा उरत नाही, आणि सुधारणेला वेगळा रकाना आहे. पुढच्या वर्षी २.३. मधे ‘केलेली कार्यवाही’ म्हणून अतिरिक्त सराववर्ग लिहा.

पुरावे लागतील. मेणवलीच्या घाटावर लँडस्केपला नेलंत तर अक्षांश-रेखांश छापून येणारे फोटो आधी काढा, मुलांना नंतर बसवा. उजेड जातो म्हणून कुरकुरतील, कुरकुरू द्या. स्टुडिओची उत्तरेकडची मोठी खिडकी सध्या समितीच्या स्वागताच्या फ्लेक्सने झाकली आहे, तो काढू नका. समिती गेल्यावरही नको, पुन्हा येते.

राहिला अभिप्राय. विद्यार्थी, शिक्षक, माजी विद्यार्थी आणि नोकरी देणारे, अशा चौघांचे फॉर्म भरून घ्यायचे. एवढ्यावर थांबा. पोर्ट्रेटच्या वर्गाला मॉडेल म्हणून बसणाऱ्या आमच्या मावशी आहेत, त्यांना विचारायला जाऊ नका. मी एकदा ती चूक केली. बावीस वर्षं स्टुलावर बसतायत, हनुवटी न हलवता बोलायची सवय झालीय. म्हणाल्या, ‘सर, त्या कोपऱ्यातलं पोरगं बघतंय हं. बाकीचे कागद भरत्यात.’ मी कोपऱ्यात गेलो. कागदावर फक्त एक कान आणि जबड्याची रेघ होती. अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. पण चौघांपैकी कोणत्या फॉर्मवर हे उतरवायचं? आणि त्यातलं क्रियापदही बाद. पोराला ‘अपूर्ण काम’ म्हणून परत पाठवलं.

मावशींचं मानधन मार्चच्या आत काढून घ्या. खर्चाच्या नोंदवहीत ते ‘उपभोग्य साहित्य’ या सदरात जातं, ब्रशच्या खाली आणि टर्पेंटाइनच्या वर.