रविवारचे काका आणि सोमवारचे काका

परवा रविवारी बदलापूर लोकलमध्ये आमच्या ग्रुपचे विंडोवाले काका भेटले, एकटेच, मांडीवर मिठाईचा बॉक्स. मला बघून लगेच सरकले, समोरच्या बाईंच्या पोराला स्वतःची विंडो दिली, वर खिशातून चिक्की काढून दिली. मी बघतच राहिलो, कारण हेच काका सोमवार ते शुक्रवार त्याच विंडोवरून माणसं उठवतात.

ज्यांनी सकाळचा ग्रुप बघितला नाहीये त्यांच्यासाठी: दोन-तीन जण अंबरनाथहून उलटे डाऊन करून येतात, म्हणजे जागा धरायला आधी उलट्या दिशेने जाऊन गाडी पकडतात, गाडी थांबायच्या आत बाकड्यावर रुमाल, पेपर, डबा, हाताला लागेल ते टाकतात, बाकीचे आरामात चढतात. दसऱ्याला डब्याला झेंडूची तोरणं पण हेच लावतात. आणि वडील अ‍ॅडमिट होते तेव्हा रात्री दोनला माझ्यासोबत यातलेच चौघं बसले होते, त्यामुळे ग्रुपला सरसकट शिव्या घालणाऱ्यातला मी नाही.

पण गेल्या महिन्यात एक नवीन पोरगा, कडक इस्त्रीचा शर्ट, बहुतेक नोकरीचा पहिलाच आठवडा, रुमाल बाजूला करून बसला.

"ए भाऊ, उठ, माणूस येतोय."

"नाव लिहिलंय का?"

झालं, एकदम आठ-दहा जण तुटून पडले. कुणीतरी त्याच्या बॅगवरून काहीतरी बोललं, सगळे हसले, मी पण हसलो. जोक काय होता ते आज आठवत पण नाही. पोरगा ठाण्यापर्यंत मोबाईलमध्ये मान घालून उभा, कान लालबुंद.

लाताने आणि डार्ली म्हणून दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञ, त्यांचा 1968 चा एक प्रयोग आहे. खोलीत फॉर्म भरत बसलेल्या पोरांवर भिंतीतून धूर सोडला. एकटा असलेल्यांपैकी 75 टक्के उठून सांगायला गेले. सोबत ढिम्म बसायला सांगितलेले दोघं असले की फक्त 10 टक्के. आणि ते तर अनोळखी होते हो! आम्हाला उद्या परत त्याच डब्यात, त्याच लोकांसोबत दीड तास काढायचा असतो, तिथे कोण कशाला तोंड उघडतोय.

रविवारी न राहवून काकांना त्या पोराचं विचारलंच. काका बॉक्सची दोरी नीट करत बसले, मग म्हणाले, "वाईट वाटलं होतं रे मला. पण तुम्ही सगळे हसलात ना."