शिंका, पण मोकळ्या तोंडानं शिंका

रुमाल काढू नका भाऊ, आधीच सांगतो. रुमालात शिंकेचा सारा जोर मरते, कोपरात शिंकलं तरी तेच. मान वर करा, तोंड उघडं ठेवा, अन् समोर माणसं बसून आहेत का तेवढं पाहून घ्या.

आता कोणी शहाणा म्हणन का थेंब एक-दोन मीटरातच खाली पडतात, तं त्याले म्हणा जड थेंब पडतात, बारीक वाळून हवेतच राहतात, हे वेल्स नावाच्या अमेरिकी संशोधकानं 1934 मध्येच सांगून ठेवलं. अन् अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या लिडिया बुरुईबा या संशोधक बाईनं हायस्पीड कॅमेरा लावून लोकाईच्या शिंका पाह्यल्या, तं थेंब एकटे निघतच नाहीत, सोबत गरम ओलसर हवेचा ढग असते, तो थेंबाईले पोटात घेऊन निघते, बाजूची हवा ओढत फुगत जाते, मंद होते, जड माल वाटेत टाकते अन् बारीक माल पुढं नेते. सात-आठ मीटर जाऊ शकते, असं 2020 मध्ये लिहिलं तिनं. म्हणजे पंचवीसेक फूट! लालपरीत मागच्या सीटवरून शिंकले तं अर्ध्या गाडीच्या वर हिशोब जाते. मधात लोकाईची डोकी येतात म्हणा, पण तेच तं पाहिजे आहेत आपल्याले. थंडीत काचा बंद राहतात, कोणाले उघडू देऊ नका.

शिंक ताशी 160 किलोमीटरनं सुटते म्हणतात, ते पानठेल्यावर सांगाले ठीक आहे. सिंगापुरातल्या 2013 च्या अभ्यासात मोजलं तं सेकंदाले जास्तीत जास्त साडेचार मीटर निघाले, म्हणजे ताशी सोळा, आपली सायकलच समजा. आता ते मोजलं मोजक्याच लोकाईवर, अन् त्यायच्या शेजारी कोणी भिवापुरी मिरची कुटत नव्हतं, हे बी ध्यानात घ्या.

पण खरी जागा म्हणजे घरची ओसरी. कोणी गावाले निघालं, पायात चप्पल घातली, का द्या एक शिंक. बुढी आतून ओरडतेच, "थांब रे बाप्पा, शिंक झाली, बस जरासा, पाणी पी." मग तो बिचारा माघारी येऊन तुमच्या समोरच बसते, त्याच ढगात, अन् घोट घोट पाणी पिते. दोन शिंका झाल्या तं शुभ म्हणतात, लगेच उठून चालला जाईन. म्हणून दुसरी आली तरी त्याचा गिलास रिकामा होईपर्यंत दाबून ठेवा.