पंप गप्प आहे म्हणून लगेच सुतक नको

दीड-दोन मिनिटांची एक क्लिप सध्या जुन्या गाड्यांच्या शौकिनांत हातोहात फिरते आहे. मला ती तिघांनी पाठवली, त्यातल्या दोघांनी वर ‘किती सोपं आहे बघ’ असं लिहून. दावा असा: जुनी स्पोर्ट्‌स कार सेल्फ घेते पण चालू होत नाही, तर चावी ‘ऑन’ला आणा आणि टाकीशी कान द्या. दोन सेकंद घूं असा आवाज आला तर टाकीतला पेट्रोलचा पंप चांगला, नाही आला तर पंप मेला. खात्री करायची तर टाकीला खालून हातोडी ठोका. गाडी चालू झाली की शिक्कामोर्तब. पंपाच्या वायरीत मीटरवर १२ व्होल्ट दिसले की वायरिंग निर्दोष. तरी शंका उरली तर बॅटरीवरून पंपाला थेट वायर द्या. मग नवा पंप टाका, विषय संपला.

गंमत म्हणजे हे सगळं दाखवायला निवडली आहे पहिल्या पिढीची माझ्दा एमएक्स-५, बॉनेटमधून वर येणाऱ्या हेडलाइटची, १.६ लिटर इंजिनाची. म्हणजे पहिला नियम जिला लागूच पडत नाही नेमकी ती गाडी. माझ्याकडे मिशिगनमध्ये १९९१ची अशीच एक आहे, आणि ती पूर्ण तंदुरुस्त असतानाही नुसती चावी ‘ऑन’ केली की पंप अवाक्षर काढत नाही. कंपनीने तसंच ठरवलं होतं.

१९८९ साली आलेल्या या १.६ इंजिनात हवा मोजायला एक पत्र्याची झडप असते. इंजिन हवा ओढतं, झडप ढकलली जाते, ती किती उघडली त्यावरून कॉम्प्युटर पेट्रोल ठरवतो. त्याच झडपेच्या डबीत एक बारीकसा स्विच आहे. झडप जराशी हलली की तो जुळतो आणि पंपाचा रिले, म्हणजे पंपाचा करंट जोडणारा विजेवरचा स्विच, ओढला जातो. झडप मिटलेली असली की पंप बंद. कारण साधं आहे: अपघातात पेट्रोलची नळी फुटली, इंजिन बंद पडलं, पण चावी ‘ऑन’च राहिली, तर पंपाने आगीत पेट्रोल ओतत बसू नये. मग गाडी चालू करतानाचं काय? तेव्हा झडप पुरेशी उघडलेली नसते. म्हणून त्या रिलेत तो ओढणाऱ्या दोन कॉइल, म्हणजे तारेची वेटोळी, दिल्या आहेत. एकीला सेल्फ मारताना स्टार्टरकडून करंट मिळतो, दुसरी झडपेच्या स्विचवर चालते. चावी सोडली की पहिलीने दुसरीच्या हातात सूत्रं द्यायची.

हे समजलं की चावी ‘ऑन’ला असतानाची शांतता निरर्थक ठरते. तपासायचं असेल तर एअर फिल्टरचं झाकण काढा, चावी ‘ऑन’ करा आणि बोटाने ती झडप हलकेच ढकला. मागून पंपाचा आवाज आला तर रिले, वायर, पंप तिघंही जागे आहेत. त्याहून सोपी वाट म्हणजे बॉनेटखाली ‘डायग्नोसिस’ लिहिलेली छोटी डबी आहे. तिच्यातली एफ/पी (फ्युएल पंप) आणि जीएनडी (ग्राउंड) ही टोकं वायरच्या तुकड्याने जोडून चावी ‘ऑन’ करा, पंप चालायलाच हवा. ही सोय कंपनीने दिलेली आहे, आणि क्लिपमध्ये तिचा उल्लेखही नाही.

माझ्या पुतण्याने ती क्लिप बघून पंप बदलला. सीटमागचा गालिचा उचलला, पत्र्याच्या झाकणाचे गंजलेले स्क्रू काढताना दोन मोडले, दोन रविवार घालवले. मग फोन. “काका, नवा पंपपण डेड आहे वाटतं.”

“गाडी अजिबात चालू होत नाही, की चालू होऊन बंद पडते?”

“सेल्फ मारताना एकदा घेते. चावी सोडली की लगेच बंद.”

हे वाक्य त्याने मला पंप विकत घ्यायच्या आधी सांगितलं असतं तर! सेल्फ मारताना घेते म्हणजे पंप फिरतो आहे, पेट्रोल पोचतं आहे, ठिणगी पडते आहे. चावी सोडताच बंद म्हणजे दुसरी कॉइल रिले ओढत नाही. त्याला फोन चालू ठेवूनच हवेच्या डबीपासून इंजिनकडे जाणारा रबराचा जाड पाइप दाबून बघायला सांगितलं. खालच्या बाजूने घडीत बोटभर चीर होती. इंजिन त्या चिरेतून हवा ओढत होतं आणि झडप बिचारी जागची हलत नव्हती. चिकटपट्टी गुंडाळल्यावर गाडी चालू राहिली. नंतर पाइप बदलला.

माझ्दाच कशाला, पोर्शे ९४४ घ्या. १९८२ ते १९९१ या काळात बनलेली ही गाडीही नुसत्या चावीवर पंप फिरवत नाही. फ्लायव्हीलपाशी बसवलेल्या सेन्सरांकडून ‘इंजिन फिरतंय’ असा निरोप आल्यावरच तिचा कॉम्प्युटर पंपाला करंट देतो. तो करंट ज्या डीएमई (इंजिन कॉम्प्युटरच्या) रिलेतून जातो त्याचे आतले डाग, म्हणजे सोल्डर, वयाने तडकतात. मग गाडी उन्हात तापली की चालू होत नाही, तासाभराने काही न करता चालू होते, आणि मालक शपथेवर सांगतो की पंपच गरम होऊन अडकतो. रिले उपसून सॉकेटातली ३० आणि ८७बी ही टोकं जोडली की पंप फिरतो आणि पंपावरचा आळ निघतो. या गाडीची आणखी एक खूण जुने लोक सांगतात: सेल्फ मारताना आरपीएमच्या काट्याकडे बघा. काटा जरासुद्धा थरथरत नसेल तर पंपाकडे जायच्या आधी रिले आणि सेन्सर बघा. सेन्सरचा निरोपच नसेल तर ना ठिणगी मिळते ना पेट्रोल, आणि ठिणगी नसलेल्या गाडीत पंप बदलून काय साधणार?

हे मान्य, की चावी ‘ऑन’ होताच दोन सेकंद पंप फिरवणाऱ्या गाड्या भरपूर आहेत. त्यांच्यापुरता तो कानाचा नियम उपयोगी आहे. पण आपली गाडी त्यांतली आहे का, हे आधी माहीत हवं. आमच्या पिढीला तर हा कान मुळात नव्हताच. पद्मिनीचा पंप इंजिनाला चिकटलेला, कॅमशाफ्टने हलणारा, पडद्याचा. तो कधी गुणगुणला नाही. मे महिन्यात घाटात पेट्रोलची वाफ धरली की त्याच्यावर ओलं फडकं टाकायचं आणि दहा मिनिटं सावलीत बसायचं, एवढंच निदान.

आता उलट बाजू: आवाज आला म्हणजे पंप चांगला. इथं क्लिपने जास्त नुकसान केलं आहे असं मला वाटतं, कारण यात माणूस खऱ्या दोषापासून दूर जातो. आवाज मोटर फिरते एवढंच सांगतो. टाकीत पंपापासून वर जाणारा वीतभर रबरी पाइप फाटला असेल तर पंप मजेत फिरतो आणि पेट्रोल टाकीतल्या टाकीत गोल गोल जातं. पंपाखालची जाळी गंजाने लिंपली असेल, फिल्टर तुंबला असेल, तरी आवाज येतोच, उलट जरा मोठा येतो. इथं कानाऐवजी प्रेशर गेज हवा. १.६ एमएक्स-५मध्ये रेग्युलेटरची, म्हणजे जास्तीचं पेट्रोल टाकीकडे परत सोडून प्रेशर राखणाऱ्या डबीची, व्हॅक्यूम नळी काढून ठेवली की गेजवर चाळिशीच्या आसपास पीएसआय (प्रेशरचं माप) दिसायला हवेत. कमी दिसले तरी लगेच पंपावर घसरू नका. टाकीकडे परत जाणारी नळी फडक्यात धरून क्षणभर हलकेच चिमटा. प्रेशर झपकन वर गेलं तर पंपात दम आहे, रेग्युलेटर पेट्रोल सोडून देतो आहे. वर गेलं नाही तर मात्र फिल्टर, जाळी, तो आतला पाइप आणि पंप, याच क्रमाने. नळी तीस वर्षांची कडक झालेली असेल तर चिमटण्याआधी ती बदला, नाहीतर हातातच तुटेल.

हातोडीबद्दल मी पूर्ण नाही म्हणणार नाही. मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश झिजले, ते ज्यावर घासतात त्या कम्युटेटरवर एखादी जागा खराब झाली आणि मोटर नेमकी तिथंच थांबली, तर धक्क्याने ती पुढं सरकते. रात्री अकरा वाजता रस्त्यात अडकलात तर रबरी हातोडीने जरूर ठोका आणि घर गाठा. पण निदान म्हणून ही खूण कच्ची आहे. त्याच धक्क्याने पंपाचा सैल कनेक्टरही हलतो आणि काळी पडलेली अर्थची, म्हणजे बॅटरीच्या मायनसकडे परतणाऱ्या वायरीची, टोकंही. ठोकल्यावर गाडी चालू झाली म्हणजे मागच्या बाजूला काहीतरी अर्धवट जोडलेलं आहे, इतकंच कळलं.

आणि इथंच ते १२ व्होल्ट येतात. क्लिपमधला माणूस पंपाचा कनेक्टर काढतो, मोकळ्या वायरीत मीटर लावतो, १२ दिसले की मान डोलावतो. कनेक्टर काढल्यावर वायरीतून करंट जातच नाही. मीटर इतका थोडा करंट ओढतो की दहा तारांतली एकच तार शिल्लक असली तरी आकडा पूर्ण येतो. पंप मात्र पाचेक अँपिअर मागतो. वाटेत गंजलेल्या जोडाचा एक ओहम अडथळा असला तर ढोबळ हिशेबाने पंपाला साडेआठ व्होल्टच्या आसपासच उरतात, आणि तेवढ्यावर तो मरगळल्यासारखा फिरतो किंवा फिरतच नाही. मिशिगनमध्ये हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात. इथल्या गाड्यांच्या मागच्या जोडांत हा एक ओहम जन्मजात असल्यासारखाच धरून चालावा. त्यामुळे मोजायचं ते कनेक्टर लावलेला असताना, पंप चालवायचा हुकूम देऊन, मागून मीटरची सुई घालून. मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरं पंपाच्या प्लसला लावलं की वाटेत किती व्होल्ट गळले ते सरळ दिसतं. तसंच अर्थच्या बाजूला, पंपाचा मायनस आणि बॅटरीचा मायनस यांच्यात. अर्थ मोजायचं बहुतेक जण विसरतात. मीटर नसेल तर पंपाच्या जागी हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब लावा, तो पंपाएवढाच करंट ओढतो. मात्र टाकी बंद हवी आणि पेट्रोलचा वास नको. बल्ब लख्ख पेटला तर वायरिंगवरचा आळ निघाला. मिणमिणला तर पंपाचे पैसे वाचले.

बॅटरीवरून थेट वायर देण्याचा सल्ला मात्र मला खरोखर राग आणतो. एमएक्स-५ची टाकी ४५ लिटरची, सीटच्या पाठीमागे. क्लिपमध्ये झाकण उघडं आहे, वास येत असणारच, आणि माणूस उघड्या वायरी पंपाच्या टोकांना टेकवतो. टेकवताना ठिणगी पडते, ती कॅमेऱ्यातही दिसते. कुणी विचारेल, पंपाची मोटर तर ब्रशच्या ठिणग्यांसकट पेट्रोलमध्येच बुडालेली असते, मग? बुडालेली असते म्हणूनच चालतं. तिथं पेटायला हवा नाही. झाकण उघडलं की वाफ आणि हवा एकत्र येतात. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते, हवेपेक्षा जड असल्यामुळे सीटखाली साचते, आणि उन्हाळ्याच्या दुपारी तर विचारूच नका. एफ/पीची डबी बॉनेटखाली असताना हा जुगार कशासाठी?

शेवटचा मुद्दा नव्या पंपाचा. निदान पक्कं झालं आणि पंप खरोखर गेला असेल, तर बदलावाच लागेल. तेव्हा जाळी नवी घाला, टाकीत टॉर्च मारून गंज बघा, आणि आतला तो वीतभर पाइप साधा पेट्रोलचा लावू नका. साधा पाइप आतून पेट्रोल सोसतो, बाहेरून नाही, आणि इथं तो दोन्ही बाजूंनी बुडालेला असतो. टाकीत बुडवायच्या पाइपवर एसएई ३०आर१० असं छापलेलं असतं, तोच मागा. पुतण्याच्या नव्या पंपाला साधा पाइप लागला होता, म्हणून झाकण तिसऱ्यांदा उघडावं लागलं. त्याचा ‘मेलेला’ जुना पंप मी मागून घेतला आहे. टोकाला १२ व्होल्ट आणि वाटेत गळती नसताना तो व्यवस्थित प्रेशर देतो. माझ्या डिकीत स्पेअर म्हणून पडून आहे.