उठसूट 'त्यामुळे' कशाला?

बडोद्यात बसून बडोदा संस्थानावर प्रबंध लिहितात आणि वाक्य काय, तर '१८९३ मध्ये अमरेलीत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग झाला. त्यामुळे १९०६ मध्ये ते संस्थानभर सक्तीचे झाले.' अहो, आधी घडलं म्हणजे कारण झालं का? मधली तेरा वर्षं कुठे गेली? पुरावा असेल तर 'त्यामुळे'; नुसता क्रम असेल तर 'त्यानंतर' लिहा ना! 'तथापि'चं तर विचारूच नका, पुढे विरोध औषधालाही नसतो. जोडणारा शब्द बोटाने झाकून वाचा. दोन वाक्यांतलं नातं तरीही लागत नसेल, तर मधला मुद्दाच लिहायचा राहिलाय. तिथे 'म्हणूनच' ठोकून काय होणार? आणि ते 'परंतु तरीदेखील मात्र'! तिन्ही एकाच वाक्यात! एक ठेवा, दोन खोडा.